पेशीपटल शिकायचं तर तांबड्या पेशीपासून

सूक्ष्मदर्शी

पेशीपटलाचं पाठ्यपुस्तकातलं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं: दोन ओळींत मांडलेली गोल डोकी, मध्ये लोंबणाऱ्या शेपट्या, अधूनमधून रुतलेली प्रथिनं. हे चित्र आलं कुठून, ते मोजलं कसं आणि बिघडलं की रोग्याला काय होतं, हे मात्र तिथे क्वचितच सापडतं. त्यासाठी हा धागा. सुरुवात माणसाच्या तांबड्या रक्तपेशीपासून करू, कारण पटलाविषयीचं निम्मं ज्ञान तिच्यातूनच आलं आहे.

त्याचं कारण साधं आहे. यकृताची पेशी फोडली की केंद्रकाचं, मायटोकॉन्ड्रियाचं, अंतर्द्रव्यजालिकेचं अशी सगळी पटलं एकत्र हाती येतात. बाहेरच्या पटलाचा वाटा त्यात शेकड्याला दोनच्या आसपास. तयार झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, जालिका नाही. आत हिमोग्लोबिन आणि थोडी विकरं, बाहेर एकच पटल. आतलं धुऊन काढलं की उरतं ते निव्वळ पेशीपटल.

वजनाने पाहिलं तर त्यात अर्ध्याहून थोडी जास्त प्रथिनं, ४० टक्के मेद आणि उरलेली शर्करा. मेदात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांच्या रेणूंची संख्या जवळपास सारखी. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. पेशीचा व्यास साडेसात ते आठ मायक्रॉन, म्हणजे जाडीच्या दीड हजार पट. एवढ्या पातळ पडद्यावर पेशी १२० दिवस टिकते आणि प्लीहेतल्या मायक्रॉनभर रुंदीच्या फटींतून सरपटत जाते.

जाणकारांनी भर घालावी. शक्यतो आकड्यांसह.

---

अकरावी_जीवशास्त्र

उत्तम विषय. एक अडतं. मुलं विचारतात की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हा थर दुहेरी आहे हे कळलं कसं?

---

सूक्ष्मदर्शी

हॉलंडच्या लायडनमध्ये, १९२५ साली. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मोजलेल्या संख्येच्या तांबड्या पेशी घेतल्या, अ‍ॅसिटोनने त्यांतला मेद काढला आणि पसरट तबकातल्या पाण्यावर एक रेणू जाडीचा थर होईल असा पसरवला. त्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दोन थर.

वर्गात पुढचा भागही जरूर सांगा. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघत नाही, त्यामुळे तो कमी मोजला गेला. पेशीचा पृष्ठभाग त्यांनी सुमारे १०० चौ. मायक्रॉन धरला, तो प्रत्यक्षात १४० च्या घरात आहे. दोन्ही चुका जवळपास सारख्या निघाल्या आणि भागाकार बरोबर आला. १९६६ मध्ये हीच मोजणी नव्या पद्धतीने झाली तेव्हा दिसलं की थर दाट दाबला तर प्रमाण दोनाच्या बरंच खाली उतरतं. ती उरलेली जागा प्रथिनांची. निष्कर्ष टिकला, पण पटल म्हणजे नुसता मेद नव्हे हेही त्याच प्रयोगात दडलेलं होतं.

---

मेदथर

वर १४० चा आकडा आला आहे, तर तो जरा उलगडतो, कारण या पेशीचं सगळं यंत्रशास्त्र त्यातच आहे.

पेशीचं आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन. एवढंच आकारमान गोल चेंडूत बसवायचं तर ९७ चौ. मायक्रॉन पटल पुरतं. पेशीकडे आहे १४०. हे जादा ४० टक्के पटल म्हणजे तिची पुंजी. ती आहे म्हणून पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट राहते, वाकते, दुमडते आणि पाणी आत शिरलं तर गोल होईपर्यंत फुगू शकते. १४० चौ. मायक्रॉनच्या गोलात १५० हून जास्त घन मायक्रॉन मावतात, म्हणजे मूळच्या पावणेदोन पट. पुढे मात्र काही चालत नाही. मेदाचा थर वाकतो कितीही, पण ताणला जातो जेमतेम ३-४ टक्के. मग फाटतोच.

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या रक्तरोगात नेमकी ही पुंजी झडते. पटलाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब प्रथिनाचं मासेमारीच्या जाळ्यासारखं अस्तर असतं. त्याचे धागे छोट्या अ‍ॅक्टिनच्या गाठींना बांधलेले, आणि अँकिरिन व ४.१ या प्रथिनांमार्फत वरच्या पटलाला टाचलेले. या टाचण्या कमी पडल्या की पटलाचे बारीक फुगे सुटून निघून जातात. आकारमान तेवढंच राहतं, पटल घटतं, पेशी गोल होते. गोल पेशी प्लीहेच्या फटीत अडकते आणि तिथेच संपते. अशा रोग्यांत प्लीहा काढल्यावर रक्तक्षय आटोक्यात येतो, पण पेशी गोलच राहतात, कारण दोष टाचण्यांत आहे.

---

प्रयोगवही

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: हे 'निव्वळ पटल' प्रयोगशाळेत मिळवतात कसं? एमएस्सीला करायचं आहे. नुसतं पाण्यात फोडून चालेल का?

---

जेल_आणि_बँड

नुसत्या पाण्यात फोडू नका, तुकडे होतात. डॉज आणि सहकाऱ्यांची १९६३ ची पद्धत आजही चालते:

रक्त गोठू नये म्हणून ते हेपारिन किंवा ईडीटीएमध्ये घ्या. सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा काढा आणि वरचा पांढुरका थर, म्हणजे पांढऱ्या पेशी व बिंबिका, पूर्ण खेचून घ्या. तांबड्या पेशी थोड्या वाया गेल्या तरी चालतील. समपरासारी (पेशीइतक्याच कणसंख्येच्या) फॉस्फेट-सलाइनने (पीएच ७.४) तीनदा धुवा आणि प्रत्येक धुण्याला तो वरचा थर पुन्हा काढा. मग घट्ट बसलेल्या १ भाग पेशी १५ ते २० भाग बर्फगार ५ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ८) एकदम ओता आणि ढवळा. ४ अंश से.ला २०,००० जी वेगाने २० मिनिटं फिरवा. वरचं लाल पाणी टाका, तोच बफर घाला, पुन्हा फिरवा. तीन-चार फेऱ्यांत गोळा लाल, मग गुलाबी, मग दुधी होतो. हे झालं पटल.

बिघडतं कुठे?

एक, गोळा गुलाबीच राहतो. बहुधा पीएच खाली घसरलेला असतो किंवा बफर कमी पडलेला असतो. कमी पीएचला हिमोग्लोबिन पटलाला चिकटून बसतं. बफर थंड असताना पीएच तपासा.

दोन, जेलवर (विजेच्या प्रवाहाने प्रथिनं आकारानुसार वेगळी करतात तो थर) स्पेक्ट्रिन आणि अँकिरिनचे पट्टे फिके आणि खाली भलतेच नवे पट्टे. ही पांढऱ्या पेशींतल्या प्रथिनभंजक विकरांची करामत. फिरवल्यावर नळी तिरकी करून हळूच फिरवा: पटलाचा सैल गोळा घसरतो आणि त्याच्या खाली छोटी घट्ट गुंडी दिसते. ती गुंडी पिपेटने खेचून फेकून द्या. हे एक काम नीट केलं तर निम्मा त्रास वाचतो. पीएमएसएफ (या विकरांना रोखणारं रसायन) घालायचं तर ऐनवेळी घाला, कारण पाण्यात ते तासाभरात निम्मं निकामी होतं.

तीन, स्पेक्ट्रिनच गायब. फार पातळ बफरमध्ये ईडीटीए घालून ३७ अंशांवर ठेवलं तर जाळं सुटून पाण्यात येतं. स्पेक्ट्रिन हवं असेल तेव्हा हे मुद्दाम करतात. नको असेल तर सगळं बर्फावरच ठेवा.

जेलवर वरून खाली पट्ट्यांना क्रमांक आहेत. १ आणि २ स्पेक्ट्रिन, ५ अ‍ॅक्टिन. तिसऱ्या क्रमांकाचा जाड, पसरट पट्टा म्हणजे 'बँड ३' हे पटलात रुतलेलं प्रथिन, पेशीमागे दहा लाखांवर प्रती. पसरट दिसतो तो त्यावरच्या कमीजास्त लांबीच्या शर्करा-साखळ्यांमुळे. जेल बिघडलं समजून पुन्हा चालवू नका.

---

द्रवमोझेइक

पटलातल्या प्रथिनांचा विषय निघाला आहे म्हणून एक आक्षेप नोंदवतो. १९७२ च्या सिंगर-निकोल्सन यांच्या 'द्रव मोझेइक' प्रारूपावरून मुलांना शिकवतात की प्रथिनं मेदात मोकळी तरंगतात. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये उंदराची आणि माणसाची पेशी जोडली, दोघींची पृष्ठप्रथिनं वेगळ्या रंगांनी चमकवली आणि ३७ अंशांवर ४० मिनिटांत रंग मिसळले. १५ अंशांखाली मिसळणं जवळपास थांबलं. प्रयोग सुंदरच आहे. पण तांबड्या पेशीत बँड ३ चा मोठा भाग अँकिरिनने जाळ्याला जखडलेला असतो आणि उरलेला जाळ्याच्या खणांत अडखळत फिरतो. द्रव आहे तो मेद. प्रथिनांना तेवढी मोकळीक नाही.

---

मेदथर

सहमत, आणि मेदालाही एक बंधन आहे. स्वतःच्या थरात फॉस्फोलिपिड झपाट्याने सरकतं, सेकंदाला दोनेक मायक्रॉन. पण बाहेरच्या थरातून आतल्या थरात आपोआप उलटी मारणं फार दुर्मीळ, कारण पाणी धरून ठेवणारं डोकं तेलकट गाभ्यातून न्यावं लागतं. ते काम एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून फ्लिपेज विकर करतं. म्हणून दोन थर वेगळे राहतात: बाहेर मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन, आत फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन आणि जवळपास सगळं फॉस्फॅटिडिलसेरिन. सेरिनवालं बाहेर दिसलं की भक्षक पेशी त्या पेशीला गिळते. रक्त गोठवणारे घटकही त्याच पृष्ठभागावर जमतात.

---

अकरावी_जीवशास्त्र

शाळेत माणसाचं रक्त वापरता येत नाही. बोकडाच्या रक्तावर परासरणाचा प्रयोग चालेल का?

---

खारंपाणी

चालेल, पण उत्तरं माणसासारखी येणार नाहीत, हे आधी सांगून ठेवा.

९ भाग रक्ताला १ भाग ३.८% सोडियम सायट्रेट घालून आणा, म्हणजे रक्त गोठणार नाही. हातमोजे घाला, शेवटी सगळं ब्लीचमध्ये टाका. प्रत्येक नळीत ३ मिलि द्रावण, त्यात रक्ताचा एक थेंब, एकदाच उलटी करून छापील कागदासमोर धरा. पेशी शाबूत असतील तर नळी गढूळ आणि अक्षरं दिसत नाहीत. फुटल्या की द्रावण लाल पण पारदर्शक होतं आणि अक्षरं वाचता येतात. द्रावणं १०० मिलिमागे अशी: मीठ ०.९ ग्रॅम, युरिया १.८ ग्रॅम, ग्लिसरॉल २.८ ग्रॅम, ग्लुकोज ५.४ ग्रॅम, साधी साखर (सुक्रोज) १०.३ ग्रॅम. तुलनेला ऊर्ध्वपातित पाणी.

कागदावर ही पाचही द्रावणं समपरासारी आहेत. पण युरियात माणसाच्या पेशी काही सेकंदांतच फुटतात, कारण पटलात युरियाची स्वतंत्र वाट आहे. युरिया आत शिरतो, मागोमाग पाणी शिरतं. मीठ आणि साखरेत पेशी टिकतात, कारण तांबडी पेशी साखर आत घेत नाही आणि सोडियम आत आलाच तर पंप बाहेर काढतो. ग्लिसरॉलमध्ये माणसाची पेशी झटकन फुटते, गाय-मेंढीसारख्या रवंथ करणाऱ्यांची बराच वेळ तग धरते. ग्लुकोजचंही तसंच: माणसाच्या तांबड्या पेशीत ग्लुकोजवाहक प्रथिन मुबलक असतं, मोठ्या झालेल्या रवंथ करणाऱ्या जनावरांत अगदी थोडं.

सर्वांत बोलकी नळी यादीत नाही, ती मुद्दाम करा: १.८ ग्रॅम युरिया आणि ०.९ ग्रॅम मीठ एकत्र, १०० मिलित. एकूण कणसंख्या रक्ताच्या दुप्पट, तरी पेशी ना आक्रसून राहते ना फुटते. युरिया दोन्हीकडे सारखा झाला की तो हिशेबातून बाद होतो. पेशीचा आकार ठरतो तो जे आत जाऊ शकत नाही त्यावर.

चुका दोन होतात. नळी आतून ओली राहते, त्यामुळे मिठातही थोड्या पेशी फुटतात. आणि ग्लुकोजची नळी घाईने वाचली जाते. ती अर्धा-पाऊण तास ठेवा.

रक्त नकोच असेल तर रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या खालच्या अंगाची साल आणि १० ते १५% साखरेचं द्रावण. रससंकोच काही मिनिटांत दिसतो, पाण्यात टाकलं की पेशी पूर्ववत.

---

रक्तपेढी_रात्रपाळी

खारंपाणी यांनी सांगितलेला ग्लुकोजचा मुद्दा आमच्याकडे रोजच्या कामाचा आहे. रक्ताच्या पिशवीच्या नळीतून ५% डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) कधीही चालवू नये. बाटलीतलं ते समपरासारी असतं, पण ग्लुकोज पेशीत शिरतं, पाणी मागोमाग जातं, पेशी फुगतात, गुठळतात, फुटतात. रिंगर लॅक्टेट हे शिरेतून देतात ते क्षारद्रावणही नको, कारण त्यातला कॅल्शियम सायट्रेटवर मात करून नळीत गुठळी धरतो. रक्तासोबत ०.९% सलाइनच.

दुसरं, पोटॅशियम. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला १०० मिलिमोलच्या वर आणि बाहेर ४-५. हा फरक राखतो तो सोडियम-पोटॅशियम पंप: एका एटीपीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ स्कू यांनी १९५७ मध्ये तो खेकड्याच्या चेतातंतूत दाखवला. पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवली की पंप जवळपास थांबतो, पण गळती चालूच राहते. एसएजीएम (पेशी टिकवणारं द्रावण) घातलेल्या पिशवीची मुदत ४२ दिवस. शेवटी शेवटी बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम लिटरला ५० मिलिमोलच्या आसपास जातं. मोठ्या माणसाला एखादी पिशवी सावकाश दिली तर फरक पडत नाही. नवजात बाळाला भराभर द्यायचं असेल तर ताजी किंवा धुतलेली पिशवी मागतात, ती यासाठी.

आणि पिशवी गरम पाण्यात बुडवू नका. ४२ अंशांच्या वर धोका सुरू होतो, ५० च्या आसपास स्पेक्ट्रिनच उलगडतं आणि पेशीचे तुकडे पडतात.

---

प्रयोगवही

पण पिशवीतल्या सीपीडीएमध्येही (रक्त गोठू न देणारं द्रावण) डेक्स्ट्रोज असतंच की! तिथे पेशी का फुटत नाहीत?

---

खारंपाणी

तिथे बाहेर प्लाझ्मातलं आणि सायट्रेटचं मीठ आहे. वरची युरिया-अधिक-मिठाची नळी तीच गोष्ट दाखवते. मीठ पेशीला सांभाळतं, ग्लुकोज फक्त खाऊ म्हणून.

---

नेस्ट्रॉफ्टवाली

या सगळ्याचा गावपातळीवरचा उपयोग सांगते. थॅलॅसिमिया वाहकाची प्राथमिक चाचणी, ०.३६% सलाइनमध्ये. थॅलॅसिमिया वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या. मेदथर यांच्या भाषेत सांगायचं तर आकारमान कमी, पटलाची पुंजी जास्त. साधारण माणसाच्या पेशी ०.४५ ते ०.५% मिठाला फुटू लागतात आणि ०.३३ च्या आसपास सगळ्या संपतात. वाहकाच्या बऱ्याच पेशी ०.३६ मध्येही तग धरतात.

मूळ द्रावण १०० मिलि: मीठ ९ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.३६५ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (दोन पाण्याचं) ०.२४३ ग्रॅम. हे १०% मिठाबरोबरीचं. यातलं ३.६ मिलि घेऊन पाण्याने १०० मिलि करा. एका नळीत हे २ मिलि, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी २ मिलि. दोन्हींत २० मायक्रोलिटर रक्त, खोलीच्या तापमानाला अर्धा तास. मग हलवून पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेसमोर धरा. पाण्याच्या नळीतून रेघ स्पष्ट दिसायलाच हवी. सलाइनच्या नळीतून दिसली तर चाचणी नकारात्मक, पुसट किंवा अदृश्य असेल तर सकारात्मक.

लोहाच्या कमतरतेतही सकारात्मक येते, म्हणून यावर कुणालाही 'वाहक' म्हणू नका. पुढे एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं यंत्र) हिमोग्लोबिन ए२ बघायचं. मूळ द्रावणाची बाटली उघडी राहिली तर पाणी उडून ते दाट होतं आणि सगळं गाव सकारात्मक निघतं. त्यामुळे दर खेपेला एक खात्रीचा निरोगी नमुना सोबत चालवाच.

---

रक्तपेढी_रात्रपाळी

पटलाच्या बाहेरच्या शर्करांबद्दल कुणीच बोललं नाही. ए आणि बी प्रतिजन (रक्तगट ठरवणाऱ्या खुणा) म्हणजे बँड ३, ग्लुकोजवाहक आणि काही मेद यांच्यावरच्या साखळ्यांची टोकं. त्या टोकांचा पाया 'एच' प्रतिजन. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे लोक नोंदवले ज्यांच्यात हा पायाच नव्हता. तोच बॉम्बे रक्तगट.

फक्त पेशींची चाचणी केली तर हा गट सरळ 'ओ' दिसतो. उलट बाजूची चाचणी केली की फरक कळतो: रोग्याचं सीरम ए आणि बी पेशींबरोबरच ओ पेशीही गुठळवतं. मग पेशींवर अँटी-एच (एच प्रतिजनाला चिकटणारं द्रव्य) लावायचं. खऱ्या ओ पेशी जोरात गुठळतात, बॉम्बेच्या अजिबात नाहीत. या रोग्याला साधं ओ रक्त दिलं तर जीवघेणी प्रतिक्रिया येते, म्हणून दोन्ही बाजूंची चाचणी टाळायची नाही.

---

अकरावी_जीवशास्त्र

शेवटचा प्रश्न. विदर्भात सिकलसेलच्या रोग्यांना 'पाणी भरपूर प्या' असं बजावतात. त्याचा पटलाशी संबंध आहे का?

---

मेदथर

थेट आहे. ऑक्सिजन गेला की सिकल हिमोग्लोबिनच्या काड्या जुळतात आणि पटलाला आतून टोचतात. पटल कॅल्शियम आत सोडू लागतं. कॅल्शियम वाढला की पोटॅशियमची एक खास वाट उघडते, गार्डोस वाहिनी. पोटॅशियम बाहेर, मागोमाग क्लोराइड आणि पाणी बाहेर, पेशी आक्रसते आणि आतलं हिमोग्लोबिन आणखी दाट होतं. काड्या जुळायला लागणारा वेळ या दाटपणावर फार तीव्रतेने अवलंबून असतो. थोडं दाट झालं तरी तो वेळ कितीतरी पटींनी घटतो आणि पेशी केशवाहिनी ओलांडण्याआधीच ताठ होते. अंगात पाणी कमी पडलं की प्लाझ्मा दाट होतो आणि पेशीतलं पाणी आणखी ओढतो. उन्हाळ्यात, तापात, जुलाबात हा धोका वाढतो. तहान लागायची वाट न बघता दिवसभर थोडं थोडं पाणी घेत राहावं. जुलाब असतील तर नुसतं पाणी नको, मीठ-साखर असलेलं ओआरएस द्यावं, कारण आतड्याच्या पटलातलं वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं आणि पाणी त्यांच्या मागून शोषलं जातं.